तीस हजारांचे साडेतेवीस कसे झाले?

पत्र : मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, सध्या पुण्यात हिंजवडीजवळ राहतो. पॅकेज ३ लाख ६० हजार. पहिले तीन महिने ट्रेनी म्हणून १८,००० ठरले होते, त्यातून दहा टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापला. कायम होऊन सात महिने झाले. आता दर ७ तारखेला २३,५०० जमा होतात. घरच्यांना वाटतं, पोरगा तीस हजार कमावतो.

रूमवर आम्ही चौघं, त्यातला एक माझ्याच कॅम्पसमध्ये. खर्च असे : रूमचं माझ्या वाट्याचं भाडं ७,०००, मेंटेनन्स-लाइट-वायफाय १,२००, डबा ३,६०० (मेस रविवारी रात्री बंद, शनिवारी डबा येतो तेव्हा मी झोपलेला), बाहेरचं खाणं ३,०००, गाडीचा हप्ता ३,२००, पेट्रोल १,८००, रिचार्ज ३५०, घरी ३,००० (वडील शेती करतात, भाऊ शिकतोय). क्रेडिट कार्डावर १८,००० थकलेत, त्याचं मिनिमम ९०० भरतो. टॅक्स वाचेल म्हणून गेल्या महिन्यात नात्यातल्या एका काकांकडून पॉलिसी घेतली, तिचे २,०००. गाडीचा हप्ता ५ तारखेला असल्याने एकदा बाउन्सही झाला. टॅक्स एवढा का कापतात? पीएफ बंद करता येईल का? मित्रांसारखी ५०० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) सुरू करू का? की सरळ नोकरीच बदलू? स्लिप, ऑफर लेटर आणि कार्डाचं स्टेटमेंट सोबत पाठवतोय.

उत्तर :

आधी टॅक्सचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू झालाय. तुमच्या आताच्या पगारातून आयकर एक रुपयाही कापला जात नाही. स्लिपवर 'टॅक्स' म्हणून दिसणारे २०० रुपये हा महाराष्ट्राचा व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५००. (महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही, म्हणून तुमच्याच बॅचमधल्या, त्या मर्यादेत पगार असलेल्या एखाद्या मुलीच्या स्लिपवर हा रकाना कोरा दिसू शकतो.)

मग तीस हजारांतले साडेसहा गेले कुठे? तुम्ही पाठवलेली स्लिप आणि ऑफर लेटर शेजारी ठेवलं की हिशेब लागतो. तुमचा बेसिक १५,००० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद ७२२, व्हेरिएबल (कामाचा निकाल बघून मिळणारा भाग) १,५०० आणि ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता ४७८ हे सगळं सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चात, धरलंय, पण महिन्याच्या पगारात ते कधी येतच नाही. तीस हजारांतून हे ४,५०० वजा केले की उरतात २५,५००. तो तुमचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा मासिक पगार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की २३,५००. साडेसहा हजारांत सरकारकडे कर म्हणून गेले ते फक्त दोनशे.

यातली ग्रॅच्युइटी सध्या विसरून जा. ती साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी झाल्यावर मिळते, त्याआधी सोडलीत तर ते ७२२ कागदावरच राहतात. नियुक्तिपत्र ठरावीक मुदतीचं असेल, तर मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार एका वर्षानंतरही हक्क येतो. तेवढं पत्रात तपासा. मेडिक्लेमचे ४७८ जातातच आहेत, तर एचआरकडून ई-कार्ड मागून घ्या आणि त्यात आई-वडील आहेत का ते विचारा. बऱ्याच जणांना हे हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं.

पीएफ बंद करता येईल का? नाही. रुजू होताना बेसिक १५,००० पर्यंत असेल तर सदस्यत्व सक्तीचं आहे. बेसिक त्याहून जास्त असेल आणि माणूस आधी कधीच पीएफचा सदस्य नसेल, तरच रुजू होताना फॉर्म ११ भरून बाहेर राहता येतं. ती वाट तुम्हाला नव्हतीच. आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं. तुमची आजची एकमेव बचत तीच आहे, आणि ती होतेय याचं कारण एवढंच की ती तुमच्या हाताला लागत नाही. २०२४-२५ साठी तिच्यावर ८.२५ टक्के व्याज दिलं गेलं.

पासबुक उघडलंत की ३,६०० ऐवजी २,३५० च दिसतील. घाबरू नका. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन योजनेत जातात, उरलेले ५५० आणि तुमचे १,८०० पीएफ खात्यात येतात. पाहायचं ते वेगळंच : कंपनीने पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. पासबुकात नोंद उशिरा दिसू शकते, पण दोन-तीन महिने लागोपाठ रिकामे दिसले तर लेखी विचारा. आधार, पॅन आणि यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नाव व जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे ना, तेही आजच बघा. 'राव' लागलं-न लागलं, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग बदललं, एवढ्यावरून पुढे क्लेम परत येतात. ई-नॉमिनेशन (ऑनलाइन वारस नोंदणी) करून टाका. आणि नोकरी बदलाल तेव्हा पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र ठरतो, आणि तेव्हा हातात आलेले पैसे कुठे जातात हे वेगळं सांगायला नको.

आता ट्रेनीचे तीन महिने. ५४,००० वर १० टक्के, म्हणजे ५,४०० कापले गेलेत. हे तुमचे पैसे आहेत, परत मिळतील. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही, आणि सवलत धरून १२ लाखांपर्यंत कर शून्यावर येतो. पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट वर. तुमचं ट्रेनी काळ आणि पगार मिळून गेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या थोडंच पुढे जातं. रिटर्न भरायची सक्तीही तुमच्यावर नाही, पण भरल्याशिवाय हे ५,४०० परत येणार नाहीत.

कसं करायचं? आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावावर जमा झालेला कर आणि उत्पन्न दाखवणारी पत्रकं) उघडा. त्यात कंपनीच्या नावापुढे ५,४०० दिसतात का? दिसत नसतील तर कंपनीने कापून भरलेच नाहीत किंवा चुकीच्या पॅनवर भरलेत. तेव्हा अकाउंट्सकडे फॉर्म १६ए (कर कापल्याचा दाखला) मागा. दिसत असतील तर ते पगार म्हणून दाखवलेत की व्यावसायिक फी म्हणून, ते बघा. दहा टक्के सरसकट कापलेत त्या अर्थी बहुधा फी म्हणून. तसं असेल तर सगळे मित्र भरतात तो आयटीआर-१ तुम्हाला चालणार नाही, आयटीआर-३ किंवा ४ लागेल. चुकीचा फॉर्म भरला की रिटर्न सदोष ठरून नोटीस येते आणि रिफंड अडकतो. ह्या एका वर्षापुरतं सीएकडे जा, फी आधी विचारा. बँक खातं पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट करा (आधीच पडताळून घ्या), रिटर्न मुदतीच्या आत भरा आणि ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. हे शेवटचं राहून जातं आणि मग लोक वर्षभर रिफंडची वाट बघतात.

आता महिन्याचा हिशेब. तुम्ही लिहिलेल्या खर्चांची बेरीज २६,०५० होते. पगार २३,५००. दर महिन्याला २,५५० ची तूट आहे, आणि ती तुम्ही कार्डावर ढकलताय. १८,००० कुठून साचले याचा फार शोध घ्यायला नको.

त्यात तुमच्या यादीत काही गोष्टी नाहीतच : गावी जायचं तिकीट, कपडे, औषधं, कटिंग, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, मित्राच्या लग्नाचा आहेर, दिवाळी. यातलं काहीच दर महिन्याला येत नाही, म्हणून कुणी लिहीत नाही. पण वर्षात सगळं येतं, आणि आलं की कार्ड पुढे होतं.

तेव्हा पहिलं काम कार्ड. तुमच्या स्टेटमेंटवर व्याजाचा दर महिना ३.५ टक्के आहे. १८,००० वर ६३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ११३. झाले ७४३. तुम्ही भरता ९००. म्हणजे महिनाभर पोटाला चिमटा काढून मुद्दल कमी होतं १५७ रुपयांनी. जीएसटीसकट हा दर वर्षाला पन्नास टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय मागची पूर्ण रक्कम भरलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज कार्डावर घेतलेल्या वडापावावरही आजपासूनच व्याज. एसआयपीचं उत्तर इथेच आलं. पन्नास टक्क्यांचं कर्ज डोक्यावर ठेवून एसआयपी करणं म्हणजे तोटा हप्त्याहप्त्याने विकत घेणं. मित्र करतात ते करू देत.

कार्ड कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा फोन करून ही सगळी थकबाकी हप्त्यांत बदलून घ्या. दर वेगवेगळे असतात. १८ टक्के धरला तर बारा महिन्यांचा हप्ता साधारण १,६५० बसतो, वर्षाचं व्याज सुमारे १,८००. त्यावर जीएसटी आणि एकदाच लागणारी प्रोसेसिंग फी. आत्ता तुम्ही तीनेक महिन्यांत एवढं व्याज भरताय. फोनवर तीन गोष्टी विचारा : प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, आणि पूर्ण १८,००० बदलले जाणार का. कधी कधी स्टेटमेंटमधल्या काही व्यवहारांनाच ही सोय असते आणि उरलेल्यावर जुनंच व्याज चालू राहतं. 'नवीन लोन देतो, जास्त घ्या' असं समोरून येईल. थकबाकीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नका.

त्यानंतर कार्ड पाकिटातून काढून ठेवा आणि खरेदीच्या, जेवणाच्या, टॅक्सीच्या प्रत्येक अ‍ॅपमधून ते डिलीट करा. त्यावर चालणारी सबस्क्रिप्शन्स एकेक बघून बंद करा. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून उचलून कार्ड फेडायचा मोह होईल, तो टाळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यांनी कर्ज देण्याआधी एकूण वार्षिक खर्चाचा दर लिहिलेलं पत्रक द्यायलाच हवं. ते वाचलंत तरी मोह जाईल.

दुसरं काम पॉलिसी. टॅक्सच नाही, तर वाचवायचं काय? जानेवारीत एचआरचा गुंतवणुकीचा तपशील मागणारा मेल येतो आणि नवीन मुलं घाबरून काहीतरी विकत घेतात. तुमच्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत तो फॉर्म कोरा दिला तरी काही बिघडत नाही. नवी पॉलिसी, कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत, कारण देऊन परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. तुम्ही गेल्या महिन्यात घेतलीय, म्हणजे दिवस मोजकेच असतील. आजच तारीख बघा. अर्ज काकांकडे नव्हे, थेट कंपनीच्या शाखेत किंवा अधिकृत मेलवर द्या. मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक जोडा, पोच घ्या. थोडा जोखमीचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि असल्यास तपासणीचा खर्च कापून बाकी परत येईल. नेटबँकिंगमध्ये जाऊन ऑटो-डेबिटचं मँडेटही (बँकेला दिलेली परवानगी) रद्द करा, नाहीतर पुढचा हप्ता जाईलच.

मुदत टळली असेल तर भरलेलं बहुतेक गेलं असं समजा आणि तरीही थांबा. गेलेल्या दोन-चार हजारांसाठी पुढची पंधरा-वीस वर्षं २,००० भरत राहणं हा त्याहून मोठा तोटा. काका नाराज होतील, चार दिवस बोलणार नाहीत.

घर तुमच्यावर अवलंबून आहे, तेव्हा विमा हवाच. पण स्वस्तातला. तुमच्या बँकेतूनच प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि सुरक्षा विमा २० रुपयांत घेता येतो. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. मुदत १ जून ते ३१ मे, पैसे मेअखेरीस आपोआप कापले जातात. तेव्हा खात्यात ४५६ असतील एवढं बघा. कार्ड फिटल्यावर साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी लागत नाही.

पॉलिसी बंद आणि कार्डाचा हप्ता १,६५० धरला, तरी बाहेरचं खाणं सोडून ठरलेले खर्च २१,८०० होतात. उरतात १,७००. यात भागत नाही. अजून दोन ठिकाणी हात घालावा लागेल, आणि त्यातलं एक अवघड आहे.

सोपं आधी. रूमवर चौघं आहात आणि त्यातला एक तुमच्याच कॅम्पसमध्ये आहे, असं तुम्ही लिहिलंय. दोघं एका गाडीवर गेलात, एक दिवस तुमची, एक दिवस त्याची, की पेट्रोल १,८०० चं ९०० वर येतं. शिफ्ट जुळत नसतील तर निदान जुळतात त्या दिवशी.

अवघड म्हणजे घरचे ३,०००. घरी पाठवू नका असं कुणीही सांगणार नाही. पण आज तुमच्या महिन्यात अडीच हजारांची तूट आहे, म्हणजे घरी जाताहेत त्यातले बहुतेक पैसे कार्डवाल्याचे आहेत आणि त्यावर तुम्ही पन्नास टक्के भरताय. कार्ड फिटेपर्यंत २,००० पाठवा. आणि तसं का, ते घरी सांगा. फोनवर नको. पुढच्या खेपेला जाताना सॅलरी स्लिपची प्रिंट घेऊन जा आणि वडिलांना रकाने दाखवा : हे पीएफचे, हे वर्षातून एकदा मिळतील न मिळतील असे, आणि हे खात्यात आले. 'पगार कमी आहे' असं नुसतं ऐकण्यापेक्षा हे पटतं. शेतीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला खर्च वजा जाता काय उरतं हे समजावून द्यावं लागत नाही. भावाच्या फीसारखा मोठा खर्च येऊ घातला असेल, तर तो याच बैठकीत विचारून घ्या, म्हणजे ऐन महिनाअखेरीस फोन येणार नाही.

आता १,७००, पेट्रोलचे ९०० आणि घरचे १,००० मिळून ३,६०० मोकळे झाले. त्याची वाटणी अशी करा : १,८०० हातखर्च आणि बाहेरचं खाणं, १,००० वर्षातून येणाऱ्या त्या न लिहिलेल्या खर्चांसाठी, ८०० शिल्लक. वर्षाच्या खर्चाचे १,००० दुसऱ्या बँकेत, ज्याचं यूपीआय फोनवर नाही अशा खात्यात, ८ तारखेला आपोआप जाऊ द्या. महिन्याच्या शेवटी उरलेले टाकू म्हटलं तर उरत नाहीत.

हातखर्चासाठी यूपीआय लाइट (यूपीआय अ‍ॅपमधलं छोट्या रकमांचं पाकीट) वापरा. त्यात ५,००० पर्यंत ठेवता येतात, पण तुम्ही एका वेळी थोडेच भरायचे आणि ऑटो टॉप-अप बंद ठेवायचं. ते चालू राहिलं तर या उपायाला काही अर्थ उरत नाही. ७, १४ आणि २१ तारखेला ४२५ आणि २८ ला ५२५, कारण शेवटचा आठवडा पगारापर्यंत नऊ-दहा दिवसांचा होतो. लाइटमधले संपले की त्या आठवड्याचा चहा ऑफिसच्या मशीनचा.

३,००० चं बाहेरचं खाणं १,८०० च्या आत कसं बसेल? तुमची मेस रविवारी रात्री बंद असते आणि शनिवारी डबा खाली येऊन पडतो तेव्हा तुम्ही झोपलेले असता, असं पत्रावरून दिसतं. हे दोन दिवसच महिना खातात. दीडशेच्या थाळीवर पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी चढत जाते आणि एकट्याची ऑर्डर सगळ्यांत महाग पडते. चौघांत मिळून एक इंडक्शन आणि तीन लिटरचा कुकर घ्या. रविवारी रात्री खिचडी, अंडाकरी, काहीही. सकाळी उकडलेली अंडी किंवा पोहे रूमवर. मेसवाल्या मावशींना विचारा, शनिवारचा डबा बंद ठेवून महिन्याचे पैसे कमी होतील का. काही ठिकाणी आधी सांगितलं तर खाडे वजा करतात.

आता गाडीच्या हप्त्याची तारीख. पगार ७ ला आणि हप्ता ५ ला ही रचनाच चुकीची आहे. बाउन्स झाला की बँक वेगळा दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा, दोन्हींवर जीएसटी, आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदवहीत, नोंद. फायनान्स कंपनीला लेखी विनंती करून तारीख १० करून घ्या. काही जण फी घेऊन करतात, काही करतच नाहीत. नाही केली तर वरच्या ८०० च्या शिलकीतून चार महिन्यांत ३,२०० साठवा आणि ते पगाराच्या खात्यात कायम पडून राहू द्या. ती तुमची रक्कम नाहीच, ती ५ तारखेची आहे. तोवरचे महिने ४ तारखेला खातं तपासायचा गजर लावा.

रूम बदलायची घाई करू नका. लांब गेल्यावर दीड हजार वाचतील असं वाटतं, पण एजंटची एका भाड्याइतकी दलाली वसूल व्हायलाच पाचेक महिने जातात. नवं डिपॉझिट आधी भरायचं असतं, जुनं रंगरंगोटीचे पैसे कापून नंतर मिळतं, आणि पेट्रोल वाढतं ते वेगळंच. अकरा महिन्यांचा करार संपत येईल तेव्हा बघा, आणि तेव्हाही आधी याच रूमवर पाचवा माणूस किंवा याच सोसायटीत कॉट बेसिसवर जागा आहे का ते विचारा. मात्र करार नोंदणीकृत आहे आणि त्यात तुमचं नाव आहे एवढं आत्ताच पाहून घ्या. डिपॉझिट परत मागताना तोच कागद उपयोगी पडतो.

रिफंडचे ५,४०० आले की थेट कार्डाच्या मुद्दलात, मुदतपूर्व फेडीला दंड परवडणारा असेल तर. व्हेरिएबलचंही तसंच. १८,००० पूर्ण मिळतील असं धरू नका. पहिल्या वर्षी रुजू झाल्यापासूनच्या महिन्यांपुरतंच मिळतं, आणि कंपनीचा व तुमचा निकाल बघून त्यातही कमी होतं. खात्यात पडेपर्यंत ते पैसे नाहीत. कार्ड फिटलं की १,६५० चा हप्ता थांबवू नका, त्याच तारखेला तेवढ्याच रकमेची आरडी लावा. वर्षात १९,८०० आणि वर व्याज, म्हणजे भाडं, डबा, गाडीचा हप्ता, पेट्रोल असा तुमचा महिन्याभराचा जगण्याचा खर्च त्यात भागतो. नोकरी गेली किंवा घरी कुणी आजारी पडलं तर पहिला महिना कार्डाशिवाय निघेल. घरचे ३,००० ही तेव्हा पूर्ववत करा. एसआयपीचा विषय त्यानंतर काढा, तेव्हा ५०० ची का असेना, जरूर सुरू करा.

राहिली नोकरी. बदला, पण सीटीसी बघून नको. ४ लाख २० हजार, त्यात २० टक्के व्हेरिएबल अशी एक ऑफर आणि ३ लाख ९० हजार, त्यात ५ टक्के अशी दुसरी असेल, तर पहिलीत ठरलेले पैसे ३,३६,००० आणि दुसरीत ३,७०,५००. महिन्याला जवळपास तीन हजारांचा फरक, आणि तोही कमी आकड्याच्या ऑफरच्या बाजूने. म्हणून एचआरला मेलवर विचारा : मासिक ग्रॉस किती, व्हेरिएबल किती आणि वर्षातून कितीदा, कंपनीचा पीएफ सीटीसीच्या आत की बाहेर, पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० च्या मर्यादेवर म्हणजे १,८००, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम सीटीसीत धरलाय का. जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत द्यावा लागेल, तेही. आत्ताच्या नियुक्तिपत्रातला नोटीस पिरियड आणि असल्यास बाँड वाचून ठेवा. नोटीसचे पैसे भरून निघायची वेळ आली तर नवी कंपनी ते देते का, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी घ्या. रुजू झाल्यावर हा विषय कुणी काढू देत नाही.